मास्तरीणबाईंची चाळणी

मास्तरीणबाईंनी उभ्या जन्मात कुठल्या शाळेत एक तासही शिकवला नव्हता. समुद्राच्या तळाचे नकाशे वाचणे हे त्यांचे काम, आणि ते त्या अठ्ठावीस वर्षे करत होत्या. पण दुसऱ्याच्या नकाशावर लाल पेनाने गोल काढायचा आणि समासात चार खरमरीत ओळी लिहायच्या ही त्यांची खोड पाहून ऑफिसने त्यांना हे नाव ठेवले आणि ते चिकटले. राग त्यांच्या नाकावर असतो असे लोक म्हणत. खरे तर तो नाकावर मावण्याइतका लहान नव्हता.

त्या सोमवारी चौथ्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत तो टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता. टेबलावर नकाशा अंथरलेला, नकाशावर बेचाळीस नंबरची जागा, आणि त्या जागेभोवती बाईंचा लाल गोल.

"बाई, काही नाही, एवढं लालचं पिवळं करायचंय," साखरसाहेब म्हणाले. साखरसाहेब म्हणजे बाईंच्या विभागाचे प्रमुख. "रंगच तर आहे."

"रंगच असेल तर तुमच्या केसांना लावा. माझ्या नकाशाला कशाला?"

कुणीतरी खोकल्याच्या आड हसून घेतले. साहेबांच्या केसांच्या काळेपणाबद्दल ऑफिसात कुणी उघड बोलत नसे. पण साखरसाहेब हे नाव त्यांना उगाच पडले नव्हते. ते अजिबात चिडले नाहीत. उलट बिस्किटांची बशी त्यांनी बाईंच्या पुढ्यात सरकवली.

आता हे लाल-पिवळे प्रकरण काय ते सांगायला हवे. समुद्रात तेलाची विहीर खणायची, तर आधी एक बोट त्या जागेवरून शेत नांगरल्यासारखी ओळीओळीने फिरते. ती खाली आवाज सोडते, तळावरून आणि तळाखालच्या थरांवरून प्रतिध्वनी परत येतो, आणि त्यावरून चित्र तयार होते. तेल तीन-चार किलोमीटर खाली असते. त्याची काळजी करणारे लोक वेगळे, त्यांच्या खोल्या मोठ्या. बाईंच्या वाट्याला वरचे पाच-सातशे मीटर. विहिरीचा तेवढा भाग उघडाच खणावा लागतो. तोंडाला झाकण बसते ते नंतर. त्या उघड्या भागात कोंडलेला गॅस लागला, तर तो कुणाला विचारून वर येत नाही. म्हणून जागेला रंग द्यायचा. हिरवा म्हणजे खुशाल खणा, पिवळा म्हणजे जपून खणा, आणि लाल म्हणजे इथे हात लावू नका, जागा हलवा.

"हे बघा," बाई पेनाचे टोक चित्रावर ठेवत म्हणाल्या. "तळाखाली एकशे चाळीस मीटरवर हा चकाकणारा पट्टा. गॅस. त्याच्यावर हा धुरकट खांब, थेट तळापर्यंत. म्हणजे गॅसने वर यायला वाट केलीय. आणि वाटेच्या तोंडाशी हा ऐंशी मीटर रुंद खळगा. हा काय खेकड्यांनी खणला?"

"खळगा आहे, मान्य. पण कधीचा? हजार वर्षांपूर्वीचा असेल. आज तिथून गॅस निघतोय का, ते सांगा." साहेबांनी फाइलमधून प्लॅस्टिकच्या खोळीत घातलेला एक कागद काढला. "नियम सात. 'पाण्यात बुडबुडे दिसल्याशिवाय जागा लाल करू नये.' बोटीने तळावरच्या पाण्याचंही चित्र घेतलंय. स्वच्छ आहे. एक बुडबुडा नाही. आणि या नियमाखाली सही कुणाची आहे, बाई?"

सही बाईंचीच होती, अकरा वर्षांपूर्वीची, टोकदार, कागद फाटेल अशी दाबून केलेली.

"शुक्रवारी रिपोर्ट जायचाय. पुढच्या आठवड्यात रिग तिथे उभी राहील," साहेब म्हणाले. "तुमच्या सहीशिवाय इथे काही हलत नाही, हा तुमचा मान आहे."

बाईंना तो मान नको होता. त्या रिगवर, म्हणजे विहीर खणणाऱ्या तरंगत्या फलाटावर, काचेच्या केबिनमध्ये बसून यंत्र चालवणारा ड्रिलर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता.

नियम सातची कहाणी ऑफिसात सगळ्यांना पाठ होती. अकरा वर्षांपूर्वी एका जागेवर पाण्याच्या चित्रात बाईंना उभे खांब दिसले. बाईंनी गॅस गॅस म्हणून सगळ्यांना उठवले आणि रिग एक किलोमीटर हलवायला लावली. मग खात्री करायला कॅमेरा खाली सोडला, तर खाली मासे. हजारो मासे, घोळक्याने उभे, दिव्याकडे तोंड करून कॅमेऱ्यात बघणारे. साप साप म्हणून भुई धोपटली गेली होती. दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर कुणीतरी प्लॅस्टिकचा मासा आणून ठेवला. पुढे वर्षभर कॅन्टीनमध्ये "बाई, आज गॅस तळलेला घेणार की भाजलेला?" असे चालले होते.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. बाईंनी ताक पिणेच सोडले. त्यांनी नियम सात लिहिला आणि त्याच्या जोडीला कॉम्प्युटरसाठी एक चाळणी लिहिली. बोटीवरून आलेली कच्ची नोंद या चाळणीतून गेली की मासे पुसले जायचे आणि बुडबुडे असतील तर तेवढे राहायचे. ऑफिसात तिला मास्तरीणबाईंची चाळणी म्हणत. नकाशे लख्ख दिसू लागले, रिग वेळेवर हलू लागल्या, आणि एके दिवशी तो प्लॅस्टिकचा मासा टेबलावरून नाहीसा झाला.

तेव्हा चित्र स्वच्छ आहे म्हणजे चूक कुणाची, हे बाईंनी जिना उतरतानाच ठरवून टाकले. बोटीवरच्यांची. यंत्र नीट चालवले नसणार. जागेवर बसता बसता त्यांनी सॅटेलाइट फोन लावला. बोटीवरच्या सर्वेक्षणाचे प्रमुख तात्या होते, बाईंच्याही आधीपासून समुद्रावर असलेले.

"तात्या, झोपा काढत होतात का? एवढा मोठा खळगा, आणि त्याच्यावरच्या पाण्यात एक बुडबुडा दिसत नाही? यंत्र चालू तरी केलं होतं का, की जेवून सगळे आडवे?"

फोनच्या खरखरीतून तात्यांचा आवाज आला.

"झालं बोलून, बाई?"

"नाही झालं. पण बोला."

"नोंदवही उघडा. ओळ सतरा. माझ्या हाताने लिहिलंय. खळग्याच्या मधोमध खांब, तळापासून पावणेतीनशे मीटर उंच. मलाही आधी मासेच वाटले. म्हणून दुसऱ्या दिवशी परत त्यावरून गेलो. मग आडवा गेलो. तीनदा बघितलं, खांब तिथल्या तिथे. मासे काय बसची वाट बघत एका जागी उभे राहतात?"

"मग चित्रात का नाही?"

"ते मला काय विचारता? आम्ही दिलं त्यात होतं. तुम्ही चाळून घेतलंत."

बाई काहीच बोलल्या नाहीत. असे क्वचितच होत असे, त्यामुळे तात्यांना वाटले फोन तुटला.

"आहात का? आणि एक सांगतो, राग नका मानू. म्हणजे मानालच. आमच्या बोटींवर आता कुणी बुडबुडे लिहीतच नाही. म्हणतात, तात्या, कशाला शाई घालवायची, ऑफिसात गेले की त्यांचे मासेच होतात."

कच्च्या नोंदींच्या डिस्क दुसऱ्या मजल्यावर लोखंडी कपाटात असत. बाईंनी स्वतः जाऊन बेचाळीसची डिस्क काढली. वरच्या चिठ्ठीवर आधीचा कुठला तरी आकडा खोडून बेचाळीस लिहिले होते. तिकडे त्यांचे लक्षही गेले नाही. टेबलाशी येऊन त्यांनी ओळ सतरा उघडली.

खांब होता. बारीक, उंच, वरच्या बाजूला प्रवाहाने थोडा कललेला, चुलीच्या धुरासारखा. बाईंनी चाळणी लावली. खांब गेला. चाळणी काढली. खांब आला. पुन्हा लावली, पुन्हा काढली. पाच-सहा वेळा त्यांनी हे केले. घर सोडताना माणूस बंद दाराची कडी पुन्हा पुन्हा ओढून बघतो, तसे.

मग त्यांनी चाळणीच उघडली. आत त्यांनीच लिहिलेले होते: बारीक, उभे आणि फार ठळक नसलेले जे दिसेल ते मासे समजून पुसावे. बुडबुडे बारीकच असतात, उभेच असतात, आणि फार ठळक नसतात. त्या वेळी चाळणीची परीक्षा घेतली होती ती एकाच नोंदीवर, त्या हजारो माशांच्या. चाळणी मासे पुसते का, हे बाईंनी रात्रंदिवस तपासले होते. ती बुडबुडे ठेवते का, हे एकदाही नाही. त्या दिवसांत त्यांना माशांखेरीज काही दिसतच नव्हते.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिथून ती जाणार कुठे? सकाळी साहेब झाले होते, दुपारी तात्या. आता रांगेत दुसरे कुणी नव्हते. आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंनी हातातले लाल पेन एवढ्या जोरात आपटले की टोपण टेबलाखाली गेले, आणि मग पन्नाशी उलटलेल्या बाई खाली वाकून ते शोधत बसल्या.

मंगळवारी सकाळी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि ओळ सतरा त्यांच्यापुढे ठेवली. चाळणीशिवायची आणि चाळणीसकट. साहेबांनी दोन्ही चित्रे पाहिली, उठून दार लावले आणि परत येऊन बसले.

"हे आणखी कुणी बघितलंय?"

"मी बघितलंय. तेवढं पुरेसं नाही?"

"बाई, शांतपणे ऐका. चाळणी चुकली असं लिहिलंत तर एक जागा उघडी पडत नाही. याआधीच्या एकेचाळीस जागा त्याच चाळणीतून गेल्यात, आणि एकेचाळीसांवर सही तुमची आहे. त्यातल्या चौतीस खणून झाल्या. काही झालं?"

"सतराव्या विहिरीचं तोंड खचलं होतं."

"ते सिमेंटचं काम कच्चं होतं. तुम्हीच म्हणाला होतात."

बाई म्हणाल्या होत्या. नुसते म्हणाल्या नव्हत्या, भर मीटिंगमध्ये, तळालाच दोष देणाऱ्या त्या सिमेंटवाल्याला "नाचता येईना अंगण वाकडं" असे सुनावले होते, आणि सगळे हसल्यावर त्यांना बरे वाटले होते. त्या माणसाची नोकरी गेली होती.

"सात अजून खणायच्या आहेत," त्या म्हणाल्या.

"त्याचं हळूहळू बघू. गाजावाजा न करता. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई." साहेबांनी आवाज आणखी खाली आणला. "आज काय करायचं ते मी सांगतो. बेचाळीस आपण सहाशे मीटर हलवू. कारण लिहू, तळावर मोठाले दगड आहेत. दगडांना काय, कुठेही असतात. त्यात बुडबुडे नाहीत, चाळणी नाही, तुमचं नाव नाही. भाऊही सुखरूप, तुम्हीही सुखरूप."

भावाचे साहेबांना माहीत होते. अर्थातच माहीत होते. साखर कुठे पेरायची हे कळल्याशिवाय कुणी साखरसाहेब होत नाही.

खरे तर त्या क्षणी बाईंनी बिस्किटांची बशी त्या काळ्याभोर केसांवर उपडी करायला हवी होती. निदान चार शब्द. अठ्ठावीस वर्षे ज्या जिभेने भल्याभल्यांना सोलून काढले, ती जीभ टाळ्याला चिकटून बसली. त्यांना तो प्लॅस्टिकचा मासा दिसत होता. त्याच्या जागी आता काय ठेवतील, हे दिसत होते. आणि भाऊ सुखरूप, हे दोन शब्द कानात घुमत होते. सांगायला लाज वाटते, पण सांगितले पाहिजे. बाईंनी दगड लिहिले आणि खाली सही केली. साहेबांच्या पेनाने.

संध्याकाळी घरी आई जेवणाच्या टेबलाशी बसून कॅलेंडरवर आजचा दिवस खोडत होती. धाकटा रिगवर गेला की अठ्ठावीस दिवस ती रोज एक चौकोन खोडायची, आणि तो परतला की कॅलेंडरचे ते पान फाडून टाकायची. अजून सतरा चौकोन शिल्लक होते.

"धाकट्याचा मेसेज आला," आई म्हणाली. "जागा बदलली म्हणे. तू बदललीस?"

"हो."

"वाईट होती का गं ती?"

"हो."

"बघ. बहीण असावी तर अशी." आईने समाधानाने पेनाला टोपण घातले. मग तिला काहीतरी सुचले आणि ती हसली. "त्या दुसऱ्या रिगांवरच्यांनी काय करायचं? त्यांच्या बहिणी काही नकाशे वाचत नसतील."

"आई, गप्प बस ना जरा!"

"घ्या! चांगलं म्हटलं तरी अंगावर येते." आई उठली आणि पुटपुटत आत गेली. लहानपणापासून असंच, म्हणे. कौतुक केलं की हिला विंचू चावतो.

बाई जेवल्या नाहीत. आईवर ओरडल्याचा राग, साहेबांचा राग, आणि या सगळ्यांच्या बुडाशी तो तिसरा, ज्याच्याकडे बघायची त्यांची तयारी नव्हती. चित्रातल्या गॅससारखा तो खाली कोंडून बसला होता.

बुधवारी सकाळी साडेनऊला भावाचा फोन आला. रिगवरून बोलताना तो नेहमी ओरडूनच बोलायचा.

"ताई, तुझ्या दगडांनी आमची पार वाट लावली!"

"का? काय झालं?"

"नव्या जागेचे कागद व्हायला तीन आठवडे म्हणतात. तोवर रिग मोकळी कोण ठेवणार? म्हणून आम्हाला आधी दुसरीकडे पाठवलंय. निघालोसुद्धा. एकोणचाळीस नंबर. तयार जागा आहे, हिरवी. तुझीच तर सही आहे."

एकोणचाळीस त्या सातांतली होती.

"कधी पोचणार?"

"उद्या दुपारी. परवा सकाळी खणायला घेऊ. पण ताई, सातशे मीटर पाण्याखाली मोठाले दगड कुठून आणलेस गं? इथे सगळे हसतायत."

"ठेव. मी करते फोन."

त्या जिना धावत उतरल्या. गुडघा कुरकुरला, त्याला त्यांनी शिवी दिली. कपाटात अडतीसच्या शेजारी एकोणचाळीसचा कप्पा रिकामा होता. रिकामा का, हे कळायला थोडा वेळ लागला. प्लॅस्टिकच्या खोळीतल्या त्या कागदावर सातच्या खाली बाईंचाच आठही होता: चाळलेली प्रत ठेवावी, कच्च्या डिस्क पुसून पुन्हा वापराव्यात. बाईंनी आपल्या टेबलावर पडलेली बेचाळीसची डिस्क आणून उजेडात धरली. चिठ्ठीवर खोडलेल्या आकड्याखाली एकोणचाळीस वाचता येत होते.

म्हणजे एकोणचाळीसच्या पाण्यात काय होते, ते आता जगात कुणालाच बघता येणार नव्हते. उरली होती फक्त नोंदवही, तात्यांची नव्हे, दुसऱ्या बोटीची. बाईंनी उभ्या उभ्या पाने उलटली. तीन आठवड्यांच्या नोंदीत पाण्याबद्दलचा एकच शेरा होता. ओळ नऊ: मासे?

बोटीवर बसलेल्या कुणालातरी काहीतरी दिसले होते. ऑफिसात त्याचे काय होणार हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने आधीच मासे लिहून टाकले होते. तरी त्याच्या हाताला ते पटले नव्हते, म्हणून पुढे प्रश्नचिन्ह आले होते. आणि बाईंनी ते प्रश्नचिन्ह वाचले नव्हते. कशाला वाचतील? चाळणी होती ना.

तेव्हा कुठे तो तळाशी कोंडलेला राग सुटला. बाई कपाटासमोर उभ्या राहून स्वतःला मोठ्याने बोलल्या. काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखे नाही. डिस्क सांभाळणारा कारकून खुर्ची सोडून बाहेर जाऊन उभा राहिला. एका माशाला भ्यायलीस, असे शेवटी म्हणाल्या. प्लॅस्टिकच्या माशाला!

जागेवर येऊन त्यांनी पत्र लिहिले. मसुदा नाही, खाडाखोड नाही. 'एकोणचाळीस आणि अजून न खणलेल्या बाकीच्या सहा जागांवरची माझी सही मी मागे घेत आहे. चाळणी मी लिहिली. ती बुडबुडेही पुसते. हे मी अकरा वर्षे तपासले नाही. चौतीस विहिरींचे रिपोर्ट पुन्हा बघावे लागतील, सतराव्यापासून सुरुवात करावी. बेचाळीसवर दगड नाहीत, गॅस आहे. दगड मी लिहिले, आणि ते खोटे आहे हे मला लिहिताना माहीत होते.' पत्र रिगला, तेल कंपनीला, सगळ्या बोटींना आणि ऑफिसातल्या प्रत्येकाला गेले.

चार मिनिटांत साखरसाहेब दारात उभे होते. तोंडावर साखरेचा कण नव्हता.

"सगळ्यांना पाठवलंत?"

"सगळ्यांना. तुमच्या घरचं कुणी राहिलं असेल तर पत्ता द्या."

"उद्यापासून तुमच्या सहीला कुत्रं विचारणार नाही, बाई. कळतंय का? अठ्ठावीस वर्षं पाण्यात."

"पाण्यातच तर होतं सगळं. कुणी बघितलं नाही," बाई म्हणाल्या. "आणि ते दगड सुचवणारं डोकं कुणाचं, हेही विचारतील मला. मी सांगणार आहे. आता बाजूला व्हा, फोन वाजतोय."

फोन भावाचा होता. या वेळी तो ओरडत नव्हता.

"ताई, पत्र आलंय. रिगचा मॅनेजर विचारतोय, हे खरं आहे की बाईंचं डोकं फिरलंय?"

"दोन्ही."

"दगड तू माझ्यासाठी लिहिलेस?"

"हो."

"म्हणजे या रिगवर मी नसतो तर..." त्याच्या आवाजात असा राग बाईंनी आयुष्यात ऐकला नव्हता. रागावणे हे या घरात त्यांचे खाते होते. "सतराव्याचा तो सिमेंटवाला, ताई. माझ्याबरोबर दोन वर्षं होता तो."

"त्याचा नंबर दे."

"तुझा फोन उचलणार नाही तो."

"नाही उचलला तर घरी जाईन. दार तरी लावून घेऊ दे त्याला माझ्या तोंडावर. तू नंबर दे."

त्याने नंबर सांगितला. बाईंनी लाल पेनाने तळहातावर लिहून घेतला, कारण समोर कागद दिसत असून दिसत नव्हता.

"एकोणचाळीसला गॅस आहे का?" भावाने विचारले.

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. असेल, नसेल. कळायचा रस्ता मीच पुसून टाकलाय. बोट पुन्हा पाठवावी लागेल."

"ताई, इथे काम कुणालाही थांबवता येतं. अगदी स्वयंपाकघरातल्या माणसालाही. पण फॉर्मवर कारण लिहावं लागतं. गॅस आहे असं लिहू?"

"नको. खोटं आता बास झालं."

"मग काय लिहू?"

साखरसाहेब अजून दारातच होते. त्यांच्यामागे सगळा मजला उभा होता, हातात चहाचे कप तसेच धरून. आपण हळू बोलावे असे बाईंना एकदा वाटले. मग त्या नेहमीच्या आवाजात बोलल्या, चार खोल्यांपलीकडे ऐकू जाईल अशा.

"लिही, ही जागा जिने तपासली म्हणून सही केली, तिने ती तपासली नव्हती."

"तुझं नाव घालायचं?"

"घालायचं. पूर्ण घाल."

तिकडे रिगच्या घरघरीत खण ओढल्याचा आवाज आला.

"थांब," तो म्हणाला. "पेन शोधतो."